परतीची सही

१

मोजणीवाल्याचं काम बघून बघणाऱ्याला जांभई यायची. नव्या रस्त्याच्या भरावावर रोलर फिरून गेला की हा आपली पिवळी पेटी घेऊन यायचा. सळईने जमिनीत वीतभर भोक पाडायचं, पेटी त्यावर बसवायची, तिचा दांडा दाबून भोकात उतरवायचा, आणि चार पावलं मागे सरून एक मिनिट उभं राहायचं. मिनिट झालं की पेटी आकडा दाखवायची. माती घट्ट बसली की नाही ते त्या आकड्यावरून कळायचं. आकडा वहीत लिहायचा, पेटी उचलायची, पुढच्या जागी जायचं. रोलरवाले चिडवायचे, की आम्ही दिवसभर घाम गाळायचा आणि हा मिनिटभर उभा राहून आम्हाला नापास करणार. तो हसून सोडून द्यायचा. पेटी बसवली की तिच्या झाकणावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची त्याला सवय होती. ती त्याला कुणी शिकवली नव्हती आणि तिचा उपयोगही काही नव्हता.

दांड्याच्या टोकाला किरणोत्सर्गी पदार्थाचा दाणा होता, मुगाएवढा. एरवी तो पेटीच्या पोटात शिशाच्या आड बसलेला असायचा. त्या एका दाण्यापायी पेटीची बडदास्त जावयासारखी. ऑफिसच्या आवारात तिच्यासाठी जाड भिंतींची वेगळी खोली, खोलीला पहारेकरी, आणि एक रजिस्टर. रजिस्टरात दोन रकाने होते, 'नेली' आणि 'परत आणली'. दोन्हींपुढे वेळ टाकायची, सही करायची.

आता गंमत बघा. रजिस्टर कारकुनाच्या कपाटात, कारकून पाचच्या ठोक्याला कपाट लावून घरी जाणार, आणि साइटवरचा माणूस परत येणार सहानंतर. मग परतीची सही करायची कशी? कारकुनानेच फार वर्षांपूर्वी यावर तोडगा काढला होता. सकाळीच दोन्ही सह्या करून मोकळं व्हायचं, परतीची वेळ अंदाजाने टाकायची. मोजणीवाला रोज 'सहा दहा' लिहायचा. त्याच्या आधीचा माणूसही तेच करायचा आणि कुणाच्या अंगाला भोकं पडली नव्हती.

त्या मंगळवारी पावणेचारला शाळेतून फोन आला, की ठमी जिन्यावरून पडलीय, पाय हलवता येत नाहीये. ठमी त्याची मुलगी, सात वर्षांची. लग्नानंतर नऊ वर्षं वाट बघून झालेली, एकुलती एक. त्याने पेटी साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये टेबलाच्या लोखंडी पायाला साखळीने बांधली, कुलूप घातलं आणि धावत सुटला. उद्या सकाळी आपणच सगळ्यांत आधी येऊ, कोण बघतंय? शिवाय रजिस्टरात पेटी परत आलेलीच होती.

सहा वाजून दहा मिनिटांनी तो दवाखान्याच्या व्हरांड्यात ठमीच्या पायाचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून उभा होता. मांडीचं हाड मोडलं होतं. पेटीची आठवण त्याला त्या संध्याकाळी एकदाही झाली नाही.

सकाळी तो साइटवर गेला तर केबिनचा पत्रा एका बाजूने वाकवलेला होता. पाण्याचा पंप नव्हता, तारेची दोन वेटोळी नव्हती, आणि पेटीही नव्हती.

२

त्याने लपवाछपवी केली नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. सुपरवायझरने हळूच सुचवून पाहिलं होतं, की दोन दिवस गप्प राहू, असली वस्तू चोराला विकता यायची नाही, टाकून देईल कुठेतरी. पण मोजणीवाल्याच्या डोळ्यांपुढून तो दाणा हलेना. भंगारवाल्याने पेटी छिन्नीने फोडली तर? दाणा चकाकतो म्हणून कुणी घरी नेऊन फळीवर ठेवला तर? त्याने फोन केला आणि अकराच्या सुमाराला सरकारी तपासणीच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी पहिलं रजिस्टर मागितलं.

'पेटी तर परत आलीय,' बाई म्हणाल्या. 'सहा दहा. सही तुमचीच ना?'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने सगळं सांगून टाकलं, दोन सह्यांची पद्धत, शाळेचा फोन, साखळी, दवाखाना. दवाखान्याची वेळ छापलेली पावती खिशातून काढून टेबलावर ठेवली. कारकून तेवढा वेळ छताकडे बघत होता. बाईंनी ऐकून घेतलं आणि आता उगाच पद्धत म्हणून पहारेकऱ्याला बोलावलं.

पहारेकरी म्हणाला, 'आले होते की हे. सहा दहाला. मीच दार उघडलं.'

मग त्याने सविस्तर सांगितलं. साहेब पेटी घेऊन आले, मान खाली होती, बोलले नाहीत. दमलेला माणूस कशाला बोलेल? आत गेले. आत दोनदा टकटक झालेलं त्याने बाहेरून ऐकलं, ते नेहमीचंच. मग बराच वेळ बाहेर आले नाहीत. साडेसहाला त्याने डोकावून बघितलं तर खोलीत कुणी नव्हतं. मागून गेले असतील म्हणून त्याने कुलूप घातलं.

'मागून कुठून?' बाईंनी विचारलं. त्या खोलीला मागे दार नव्हतं, खिडकीही नव्हती, आणि आता आत पेटीही नव्हती.

पहारेकऱ्याने जरा आठवून पाहिलं. 'नाही, तसं मागून नाही जाता येत,' तो म्हणाला आणि बाईंकडेच उत्तर असल्यासारखा बघत राहिला.

मोजणीवाल्याला राग आला आणि हसूही आलं. खोटं बोल पण रेटून बोल, त्यातला प्रकार. गडी संध्याकाळी झोपला असणार, सकाळी कारकुनाने रजिस्टरात काय आहे ते पढवलं असणार, आणि हा तेच पोपटासारखं म्हणतोय. बाईंनाही तसंच वाटलं, बाहेर आल्यावर त्या म्हणाल्याही. टकटकीचं सांगितलं यातही नवल नव्हतं, रोज संध्याकाळी तो ऐकतच आला होता. मोजणीवाल्याने हे स्वतःला दोनदा समजावलं.

३

पेटीला त्याच्याइतकं ओळखणारं कुणी नव्हतं, म्हणून शोधायला बाईंनी त्यालाच जुंपलं. त्याच्या हातात किरणं पकडणारं मीटर दिलं. पेटी जवळ असली की मीटर टकटक वाजणार, नसली तर मधूनच एखादा ठोका, बस. दाणा जागेवरून हलला की मागे काही उरत नाही, वास नाही, डाग नाही. त्यामुळे शोधायचं ते घरोघर जाऊन, प्रत्येक खोलीत, आणि भराभर.

गुरुवारी पहिल्याच गल्लीत इस्त्रीवाल्याने त्याला दारातच अडवलं. 'काल बघून गेलात की. परत?'

मोजणीवाला म्हणाला, काल कुणी दुसरा आला असेल. इस्त्रीवाला म्हणाला, थट्टा करता का गरिबाची? काल अकराला तुम्हीच आलात, ती पिवळी पेटी इस्त्रीच्या टेबलावर ठेवलीत, टकटक केलंत, मागे सरून उभे राहिलात, वहीत लिहिलंत आणि शब्दही न बोलता निघून गेलात. त्याने टेबलावरची घडी उचलून दाखवली. जाड कापडावर पेटीच्या चार पायांचे चार ठसे होते. मोजणीवाल्याने मीटर धरलं. एक ठोका, मग शांत.

दोन घरं सोडून एक निवृत्त मास्तर राहत होते. त्यांची बायको वर्षभर अंथरुणावर. मास्तरांनी त्याला खुर्ची पुढे केली, कालच्यासारखे बसा म्हणाले. काल तुम्ही हिच्याजवळ तासभर बसलात, पेटी तिच्या गादीवर ठेवून. बोलला नाहीत, पण बसलात. हल्ली कोण बसतं हो आजाऱ्यापाशी? त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आतून म्हातारीला कोरड्या उलट्या होत असल्याचा आवाज येत होता, सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं.

मोजणीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने तिथूनच बाईंना फोन लावला आणि म्हातारीसाठी डॉक्टर मागवला. दुसरी तुकडी या गल्लीत आली होती का, म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, कुणी नाही. त्यांनी सरळ हिशेब मांडला. चोर कामाची माहिती असलेला आहे, एखादा जुना नोकर, कंपनीचं जाकीट घालून हिंडतोय, डोकं फिरलेला आहे. लोक जाकीट बघतात, तोंड कोण बघतं? मोजणीवाल्याला हे पटलं. पटवून घेणं त्याला भाग होतं.

शुक्रवारी दोन चोर सापडले, पंपासकट, तारेसकट. पेटीचं नाव काढताच त्यांनी कानांवर हात ठेवले. साखळी बघितली होती म्हणाले, टेबलाच्या पायाला होती, कुलूपही नीट लावलेलं होतं. पण तिच्यात बांधलेलं काही नव्हतं. दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं तरी दोघं हेच म्हणाले.

त्या दिवशी त्याने सत्तावीस घरं केली. म्हणजे वरातीमागून घोडं, प्रत्येक ठिकाणी हा एक दिवस उशिराच. संध्याकाळी बाईंच्या टेबलावर नकाशा पसरून दोघांनी टिंबं काढली, शेजारी वेळा लिहिल्या. सकाळी साडेनऊपासून तो माणूस या घरातून त्या घरात जात होता. दुपारी दीड ते चार मात्र तो कुणाकडेच गेला नव्हता, बुधवारी नाही, गुरुवारीही नाही.

'या वेळात तो एका ठिकाणी बसतो,' बाई म्हणाल्या. 'ते ठिकाण शोधायला हवं.'

मोजणीवाल्याने मान हलवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशातली त्याची गत झाली होती आणि त्याला कळत नव्हतं. तो घरी पोचला तेव्हा ठमी औषधाच्या गुंगीत झोपली होती. बुधवारीही झोपलेलीच होती आणि गुरुवारीही. तिच्याशी धड चार शब्द बोलून त्याला तीन दिवस झाले होते.

४

शनिवारी साडेबाराला तो पुढच्या गल्लीत शिरणार होता, ती त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. म्हटलं, दहा मिनिटं पोरीला बघून येऊ. एवढंच मनात होतं.

घर तळमजल्यावर. पुढची खोली, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे न्हाणीघर, सगळं एका रांगेत. यायला-जायला एकच दार, तेही बोळात उघडणारं. ठमीची खाट दारासमोरच्या भिंतीला होती. मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टर, त्यावर तिने पेनाने फुलं काढलेली. तिला उचलायचं तर दोघं लागतील, एकट्याने उचलू नका, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. दिवसा तिच्यापाशी ताई असायची, मोजणीवाल्याची थोरली बहीण. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ तल्लख. बायको कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला, ती सातला यायची.

'आज लवकर आलास,' ठमी म्हणाली. 'पेटी कुठाय?'

'चोरीला गेली ना बाळा. तेच तर शोधतोय.'

ठमीला ते फार विनोदी वाटलं. ती हसली आणि म्हणाली, 'कालचा माझा आकडा किती आला? सांगतच नाहीस तू.'

त्याला वाटलं, खेळतेय. तो खाटेवर टेकला आणि कसला आकडा, म्हणाला. मग ठमीने त्याला समजावून सांगितलं, मोठ्या माणसाला अक्कल कमी असते तेव्हा सांगतात तसं. पेटी इथे उशीशी ठेवायची, टकटक करायची, दांडा खाली गेला की तिने मिनिटभर हलायचं नाही. मग लिहायचं. मग परत. तिला आता न हलता राहायला छान जमायला लागलं होतं. बाबा बोलत नाही, कारण बोललं की आकडा चुकतो, हेही तिने स्वतःच ओळखलं होतं.

'कोणी शिकवलं तुला हे?' त्याने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच लांबून ऐकू आला.

आतून ताई म्हणाली, की शिकवतोस तूच आणि विचारतोसही तूच. रोज दीडला येतोस, पाणी मागितल्यासारखा हात पुढे करतोस, दिलं तर पीत नाहीस, नुसता पेला धरून बसतोस. पोरीचे लाड कर बाबा, तिने कुठे नको म्हटलंय? पण तिला दुपारची झोपू तरी दे. आणि कामावर तुला कुणी विचारत नाही का रे?

'ताई, तुला नीट दिसतं का? तो मीच असतो?'

'डोळ्यांवर पडदा आलाय, अकलेवर नाही,' ताई चिडून म्हणाली. 'चाळीस वर्षं तुझी पावलं ऐकतेय मी. आणि कडी मोडलीय तर किल्लीने उघडून आत येतोस, किल्ली काय शेजाऱ्याकडे आहे?'

त्याने उशीजवळची चादर मागे केली. गादीवर चार कोपऱ्यांचे चार खळगे होते, खोल, कापूस दबून बसलेला. ठमीच्या कानापासून तीन बोटांवर. त्याने हात पसरून ते अंतर मापलं आणि मग हात तसाच तिथे राहिला.

५

त्याने बाईंना फोन केला. काय बोलला ते त्याला नंतर आठवलं नसतं. 

'खरं सांगा,' त्या म्हणाल्या. 'पेटी तुमच्याच घरात आहे का? तुम्हीच ठेवलीय का?'

'नाही हो.'

'बरं. ते मी नंतर विचारीन. मुलीला तिथून हलवा. गाडी पाठवतेय, वीस मिनिटांत येईल. आणि तोवर कोणी आलं तर तीनच गोष्टी, तुम्हाला सांगायला नकोत.'

नकोच होत्या. त्या धंद्यातल्या पोराटोरालाही त्या पाठ असतात. कमी वेळ, जास्त अंतर, मधे आडोसा. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाई होतो. त्याने मनात बेरीज मांडली, तीन दुपारी, अडीच-अडीच तास, तीन बोटांवरून. उत्तर निघायच्या आत त्याने बेरीज सोडून दिली.

मग बायकोला फोन केला. तिला म्हणाला, सुट्टी टाकून थेट दवाखान्यात ये, ठमीचं रक्त तपासायचंय. का, ते सांगायला त्याला जमेना. तो नुसता विचारत राहिला, की ठमी तुला दुपारचं काही बोलली होती का?

'बोलली होती की. तुम्ही रोज येऊन बसता म्हणून,' बायको म्हणाली. 'मला बरं वाटलं हो. तुम्हाला मुद्दाम बोलले नाही, म्हटलं लाजाल आणि यायचे बंद व्हाल.'

त्याने फोन ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. म्हणजे अजून पंचवीस मिनिटं होती. त्याने ताईला चप्पल घालायला लावली आणि गल्लीच्या तोंडाशी गाडीची वाट बघायला पाठवलं, ड्रायव्हरला बोळ सापडत नाही म्हणून. ताई भिंतीला हात लावत गेली. दार तिने नुसतं ओढून घेतलं, कुलूप आपोआप बसलं.

आता आपल्या शहाणपणाने तो स्वतःला सावरू लागला. कुणीतरी माथेफिरू आहे. आपल्या अंगलटीचा, आपल्या चालीचा. किल्ली कधीतरी साइटवर पडली असेल, त्याने ठसा घेतला असेल. ताईला दिसत नाही, ठमी लहान आहे, वर औषधाची गुंगी. माणूस आहे म्हणजे माणसासारखा धरता येईल. हे सगळं बरोबर होतं. एकच गोष्ट बसत नव्हती, की ठमी स्वतःच्या बापाला ओळखणार नाही, आणि तीही सलग तीन दिवस.

'ठमे, जो येतो तो मीच असतो ना?' त्याने विचारलं.

ठमीने त्याच्याकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं.

'तो जास्त वेळ बसतो,' ती म्हणाली.

६

गाडी येईल तेव्हा येईल, निदान खाटेवरून तरी हलवू, म्हणून त्याने तिला काखेत हात घालून उचललं. प्लास्टर जड, वर तिचं विव्हळणं. कसंबसं तिला जमिनीवर बसवलं, पाय सरळ पुढे करून. तेवढ्यात टेबलावरचं मीटर वाजलं. एक ठोका. मग दोन लागोपाठ.

त्याने घड्याळाकडे बघितलं. एक वाजून बारा मिनिटं.

मग पावलं ऐकू आली, बोळात, सावकाश. डावा पाय किंचित घासत पडणारी. त्या बाजूच्या हाताला चौदा किलोंची पेटी असली की पाय तसाच घासतो, त्याचाही घासायचा. मीटरचे ठोके पावलांबरोबर दाट होत गेले. कुलपात किल्ली फिरली.

तो दारावर जाऊन आदळला. खांदा लावला, टाच फरशीच्या सांध्यात रोवली. कडी मोडून महिना झाला होता, आज लावू उद्या लावू करत राहून गेली होती. पलीकडून दार लोटलं गेलं, घाई न करता. तो जितका जोर लावी तितकाच जोर पलीकडून येई, तसूभर कमी नाही की जास्त नाही. दार बोटभर उघडलं आणि तिथेच थांबलं.

त्या फटीतून त्याला पेटीची पिवळी कड दिसली. ती पेलणारा हात दिसला. अंगठ्याच्या बुडाशी घट्टा होता, दांडा वर्षानुवर्षं दाबून पडतो तो, बरोबर त्याच जागी. वर बघायला त्याची मान उठली नाही. उठवली असती तर दिसलं असतं, आणि त्याला ते नको होतं.

लोटणं थांबलं. उंबऱ्यावर जड काही ठेवल्याचा आवाज झाला. टक टक. आणि मग दांडा खाली गेल्याचा खटका, जो त्याने जन्मात हजारो वेळा ऐकला होता.

मीटरचे ठोके एकमेकांत मिसळून एकच लांब आवाज झाला.

लाकडाचा आडोसा काही कामाचा नसतो हे त्याला माहीत होतं. वेळ त्याच्या हातात नव्हता. दार सोडून पोरीला उचलायला धावलो तर तो आत येणार. मग उरलं काय? त्याने पाठ दाराला लावली, फटीसमोर, होता तेवढा रुंद झाला आणि खाली बसला. माणसाच्या अंगाने थोडंफार अडतं. अगदी थोडं, पण अडतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, की आपण अजून जाड असायला हवं होतं.

'ठमे, मागे सरक. हातांवर. आत जा, न्हाणीघरात.'

'दुखतं बाबा.'

'दुखू दे. सरक, माझी राणी ना तू.'

ती सरकायला लागली. दोन्ही तळवे मागे टेकायचे, बूड उचलायचं, प्लास्टर फरशीवरून खरडत ओढायचं. तिचे ओठ दाबलेले होते, डोळे त्याच्यावर. सहा फूट. सात. तो मनात मोजत होता. बारा फुटांवर चौथाई होईल. स्वयंपाकघराची भिंत आडवी आली की त्याच्याही खाली. अजून चार वेळा सरकली की उंबरा, उंबऱ्यापलीकडे वळली की भिंत. त्याच्या पाठीला काहीच जाणवत नव्हतं, ऊब नाही, गारवा नाही. लांबून गाडीचा हॉर्न आल्यासारखा वाटला. ताई कुणालातरी हाक मारत होती.

'शाब्बास,' तो म्हणाला. 'अजून. थांबू नकोस. अजून तीनदा.'

ठमी उंबऱ्याशी पोचली. प्लास्टरची टाच फरशीच्या सांध्यात अडकली. तिने दम घेतला, हात पुन्हा मागे टेकले आणि बूड उचललं.

'झालंच, बाळा,' त्याच्या पाठीमागून, दारापलीकडून, त्याचा आवाज म्हणाला. प्रेमळ होता, अजिबात घाईत नव्हता. 'हलू नकोस.'

'ठमे, ऐकू नकोस! सरक!' तो ओरडला.

ठमीने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या डोक्यावरून दाराकडे बघितलं. हात मांडीवर घेतले, पाठ ताठ केली, आणि ती हलली नाही.